लग्नाला जाताय? यजमानाला नावं ठेवायच्या आधी आपण पाहुणे कसे आहोत ते बघा

मंडळी, लग्नसराई सुरू झाली. येत्या तीन वीकेंडच्या मिळून माझ्याकडे अकरा पत्रिका आल्यात, तुमच्याकडेही ढीग असेल. मांडवात जायच्या आधी एवढं वाचा. पोस्ट लांब आहे, काहींना झोंबेल. झोंबली तर शिव्या घाला, पण पूर्ण वाचून घाला.

मागच्या सीझनची गोष्ट. डोंबिवली पूर्वेला माझ्या मावसभावाच्या मुलाचं लग्न होतं. रविवार, गोरज मुहूर्त. घरापासून हॉलपर्यंत वरात, जेमतेम एक किलोमीटर. पुढे टेम्पोवर डीजे, त्याच्यामागे आम्ही दीड-दोनशे माणसं. रस्त्याच्या एका बाजूला दुचाक्या लावलेल्या, दुसऱ्या बाजूला गटाराचं काम चाललेलं. मी नाचत होतो. पन्नाशी उलटलीये, गुडघा दुखतो, तरी नाचत होतो. डीजेवाला मधून मधून सायरन टाकत होता. हल्ली बऱ्याच रिमिक्समध्ये असतो तो. सायरन वाजला की पोरं हात वर करून ओरडायची.

त्यातला एक सायरन खरा होता.

मागे ॲम्ब्युलन्स अडकली होती. किती वेळापासून, कुणालाच पत्ता नाही. ड्रायव्हर खाली उतरून गर्दीत शिरला, एकेकाला हलवून सांगत होता. आमच्यातल्या एकाने त्यालाच हाताला धरून नाचायला ओढलं. प्रकार लक्षात येईपर्यंत दहा मिनिटं तरी गेली असतील. टेम्पो कडेला घ्यायला जागाच नव्हती, म्हणून शेवटी ॲम्ब्युलन्स रिव्हर्स घेत मागे गेली. मागच्या काचेतून एक बाई दिसली. शिव्या देत नव्हती, हात जोडत नव्हती. नुसती आमच्याकडे बघत होती.

आत कोण होतं, पुढे काय झालं, मला माहीत नाही. लग्न तासभर उशिरा लागलं. जेवण झकास होतं.

दुसऱ्या दिवशी मावसभावाला म्हटलं, कशाला एवढा डीजे? तर म्हणाला, "दादूस, मी नाय बोलत होतो. पन पावनं काय बोलतील?"

या एका वाक्यासाठी ही पोस्ट लिहितोय. पाहुणे काय म्हणतील. पाहुणे म्हणजे कोण? मी. तुम्ही. दोन लाखांचा डीजे, रात्री दोनपर्यंत चाललेली हळद, रस्त्यावर टाकलेला मांडव, पतपेढीचं कर्ज, सगळं आपल्या नावावर होतं. आणि आपण जेवून, विडा खाऊन बाहेर पडलो की गाडीत बसल्या बसल्या म्हणतो, "एवढा खर्च करायची काय गरज होती?"

लग्नातल्या उधळपट्टीवर आपल्याकडे भाषणं कमी झालेली नाहीत. जोतीराव फुल्यांनी 1873 साली सत्यशोधक पद्धतीने पहिलं लग्न लावलं. भटजी नाही, अवास्तव खर्च नाही. त्याला दीडशे वर्षं झाली. अगदी अलीकडे, 2025 मध्ये, पुणे जिल्ह्यातल्या एका सुनेच्या मृत्यूनंतर मराठा समाजाच्या बैठकांमधून लग्नाची आचारसंहिता पुढे आली. पाहुणे मोजके, डीजे नको, प्री-वेडिंग नको. आमच्या आगरी-कोळी समाजातही हळदीच्या खर्चावर बोलणारी माणसं आहेत. चांगलंच आहे. पण हे सगळे नियम यजमानासाठी. पाहुण्यासाठी एक ओळ नाही. पाहुणा जणू देव, त्याला कोण सांगणार?

मी सांगतो. कारण यजमान बिचारा अडकलेला असतो. त्याच्यावर भावकीचं दडपण, गावकीचं दडपण, मुलाच्या मित्रांचं दडपण. पाहुण्यावर काय असतं? काही नाही. तो मोकळा असतो. तो दहा वाजता उठून घरी जाऊ शकतो. तो वरातीतून बाजूला होऊ शकतो. चारशेपैकी दोनशे पाहुणे दहा वाजता चपला घालायला लागले, तर डीजेवाला कुणासाठी वाजवणार आहे?

आणि हे जमत नाही असं सांगू नका. एप्रिल 2021 आठवा. 22 तारखेच्या रात्रीपासून राज्य सरकारचा नियम आला होता. लग्न एकाच हॉलमध्ये, दोन तासांत, जास्तीत जास्त 25 माणसांत. मोडला तर 50 हजार दंड. त्या काळात ठाण्यात, कल्याणात, डोंबिवलीत लग्नं झालीच ना? त्यांचे संसार आज चाललेत, पोरं बालवाडीत जातायत. कुणाची अब्रू गेली नाही. 25 माणसांतच लग्न करा असं मी म्हणत नाही. मला माणसं हवीत, मटण-भाकरी हवी, नाचही हवा. मी एवढंच म्हणतोय की अक्कल घरी ठेवून मांडवात जाऊ नका.

तर पाहुण्यांसाठी माझी आचारसंहिता अशी.

1. पत्रिका आली की आकडा कळवा.
व्हॉट्सॲपवर पत्रिकेला नमस्काराचे दोन हात टाकले म्हणजे उत्तर झालं नाही. किती जण येणार, कुठल्या कार्यक्रमाला येणार, ते लिहून कळवा. हळद, लग्न, रिसेप्शन, तिन्हीचं जेवण वेगळं सांगितलेलं असतं. केटररला आकडा आधी द्यावा लागतो, आणि दिलेल्या आकड्याचे पैसे मोजावे लागतात, कुणी येवो न येवो. साधा हिशोब करा. ताटामागे 800 रुपये धरा. 60 माणसं न कळवता आली नाहीत की 48 हजार गेले. नवरीच्या बापाचे गेले बहुतेक वेळा. उलट चार जणांचं आमंत्रण असताना इनोव्हा भरून शेजारीपाजारी आणणारेही आपल्यातच आहेत. पत्रिकेवर "सहकुटुंब" लिहिलेलं असतं. सहसोसायटी नाही.

2. कसं जायचं ते आदल्या दिवशी ठरवा.
सगळ्यांना शनिवार-रविवारच हवा, म्हणून सगळी लग्नं त्याच दोन दिवसांत. त्यात रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक, बहुतेक वेळा सकाळी अकराच्या आसपास सुरू होऊन दुपारी चारपर्यंत. म्हणजे बरोब्बर साडेबाराच्या मुहूर्तावर. ब्लॉक कुठल्या मार्गावर आहे ते आदल्या दिवशी जाहीर होतं, बघून घ्या. ठाणे-कल्याण धिम्या मार्गावर असला तर लोकल जलद मार्गाने वळवतात आणि कळवा, मुंब्रा, कोपर, ठाकुर्लीला गाडी थांबत नाही. साडेबाराला लग्न आणि सव्वाबाराला तुम्ही दिव्याला अडकून फोन करताय, "मुहूर्त थोडा पुढे ढकलता येईल का?" अहो, मुहूर्त म्हणजे काय रिक्षा आहे का, थांबवून ठेवायला?

3. गाडी नेणार असाल तर ती कुठे उभी राहणार ते आधी विचारा.
हॉलच्या पार्किंगमध्ये वीस-पंचवीस गाड्या मावतात, आणि आपण ऐंशी गाड्या घेऊन जातो. उरलेल्या कुठे? घोडबंदरच्या सर्व्हिस रोडवर. कल्याण-शीळ रस्त्याच्या कडेला. मानपाडा रोडला कुणाच्या तरी गेटसमोर. या रस्त्यांची आधीच काय अवस्था आहे ते तुम्हाला सांगायला नको, रोज तुम्हीच तिथे तासतास बसता. सोमवार ते शुक्रवार ट्रॅफिकच्या नावाने पालिकेला शिव्या देणारा माणूस रविवारी जरीचा कुर्ता घालून त्याच रस्त्यावर डबल पार्किंग करतो. स्टेशनपासून हॉल जवळ असेल तर रिक्षाने जा. एका बिल्डिंगमधले चार जण जाणार असाल तर एका गाडीत बसा.

4. हळदीतून दहाला उठा.
हा मुद्दा सगळ्यात झोंबणार, म्हणून आधी सांगतो. मी आगरी आहे, 27 गावांतला आहे, माझ्या स्वतःच्या हळदीत रात्रभर बेंजो वाजला होता. त्यामुळे "आमच्या परंपरेवर का बोलतोस" हे मला सांगू नका.

आपली परंपरा काय होती? धवलारीण. आपल्याकडे लग्न धवलारीण लावायची, धवले गाऊन. बाई पुरोहित होती आपल्या समाजात, तेही माइकशिवाय. तिचा आवाज मांडवाबाहेर जात नव्हता आणि मांडवातल्या प्रत्येकाला ऐकू येत होता. आज तिला हळदीत एक खुर्ची मिळते, ती पण स्पीकरच्या शेजारी. परंपरा कुणी बुडवली? डीजेने. मग त्याच डीजेसाठी परंपरेची ढाल कशाला पुढे करता?

आता कायदा. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. रहिवासी भागात मर्यादा दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवती 100 मीटरपर्यंत शांतता क्षेत्र. बारापर्यंत सूट देता येते, पण ती वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस, आणि सण-उत्सवांसाठी. आपल्या पिंट्याची हळद त्यात बसत नाही. ठाण्याचेच डॉ. महेश बेडेकर यांनी जनहित याचिका लढवली, त्यावर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2016 मध्ये सविस्तर निकाल दिला. म्हणजे ही लढाई आपल्याच शहरातल्या एका डॉक्टरने आपल्यासाठी लढली. आपण त्या निकालावर रात्री दीड वाजता नाचतो.

शेजारच्या इमारतीत दहावी-बारावीची पोरं असतात. फेब्रुवारी-मार्च म्हणजे बोर्डाची परीक्षा आणि लग्नांचा सीझन, दोन्ही एकत्र. शेजारी तान्हं बाळ असतं, बायपास झालेले आजोबा असतात. ते पत्रिकेवर नसतात, पण हळद त्यांच्या घरातही वाजते. ते तक्रार का करत नाहीत? भीतीने. उद्या त्याच गल्लीत राहायचंय म्हणून. त्यांना माझं सांगणं आहे, 112 ला फोन करा. जानेवारी 2025 मध्ये कुर्ल्याच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलंय की तक्रारदाराची ओळख पोलिसांनी उघड करू नये. पण तशी वेळ त्यांच्यावर यावीच का? दहा वाजले की पाहुण्यांनीच उठावं. यजमानाला सांगावं, "भाऊ, छान झाली हळद, आता स्पीकर बंद कर, आपण गप्पा मारू." पाहुण्याने सांगितलं तर तो ऐकतो. पोलिसाने सांगितलं तर त्याचा अपमान होतो.

5. पिणार असाल तर चावी दुसऱ्याकडे द्या.
दारू पिऊन गाडी चालवताना पहिल्यांदा सापडलात तर 10 हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. हे झालं सापडलात तर. नाही सापडलात तर काय होतं ते काटई नाक्यापासून शीळफाट्यापर्यंत कुठल्याही रात्री बघा. आणि यजमानाकडे "व्यवस्था आहे ना?" असं विचारायचं बंद करा. या प्रश्नापायी कित्येक बापांनी पंधरा-वीस खोके दारूचे आणलेत, जे स्वतः थेंब घेत नाहीत. मटण-भाकरी वाढली तर मांडव पवित्र राहतो का, असल्या वादात मी पडत नाही. ज्याला जे खायचं ते खावं. पण कर्ज काढून पाजलेली दारू पिताना घशात अडकायला हवी.

6. वरातीत निम्मा रस्ता सोडा.
दर वरातीत चार शहाणी माणसं मागे उभी राहिली पाहिजेत. त्यांनी नाचायचं नाही. मागून येणाऱ्या गाड्यांना वाट करून द्यायची, आणि ॲम्ब्युलन्स दिसली की धावत जाऊन डीजे बंद करायचा. ॲम्ब्युलन्सला वाट न दिल्यास 2019 पासून मोटार वाहन कायद्यात 10 हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास आहे. तो गाडीवाल्यासाठी. रस्त्यात नाचणाऱ्याच्या मनाला काय लागतं, ते मी तुम्हाला वर सांगितलं. आणि डीजेवाल्याला सुपारी देतानाच सांगा की सायरनचा आवाज वाजवायचा नाही. पैसे लागत नाहीत याला.

7. मुहूर्ताला पोचा, पुढाऱ्यासाठी लग्न थांबवू देऊ नका.
12.32 चा मुहूर्त पत्रिकेत छापतो आणि दीडला मंगलाष्टकं सुरू होतात. का? "साहेब दहा मिनिटांत पोचतायत." साहेब येतात, सोबत तीस माणसं. मग शाल, श्रीफळ, सत्कार. माइकवर नावांची यादी, नगरसेवक, माजी नगरसेवक, भावी नगरसेवक. नवरा-नवरी अंतरपाटाच्या दोन बाजूंना घामाघूम. साहेब "पुढे दोन लग्नं आहेत" म्हणून निघतात. रस्ता कधी होणार, पाणी कधी येणार, हे विचारायची हिंमत आपल्यात नाही, पण मांडवात त्यांच्या शेजारी फोटो काढायला धक्काबुक्की. पाहुणे म्हणून एवढं तरी करा. सत्कार सुरू झाला की टाळ्या वाजवू नका. नवरीच्या मामाला जाऊन सांगा, गुरुजींना सुरू करायला लावा. लग्न नवऱ्या-नवरीचं आहे, वॉर्डाचं नाही.

8. अक्षता, ताट, स्टेज.
अक्षता चार दाणे पुरतात, मूठभर तांदूळ भटजींच्या डोळ्यांत मारायची गरज नाही. ताटात आधी थोडं घ्या, हवं तर परत घ्या. बुफेत पनीरचा डोंगर करून अर्धा टाकणाऱ्याला मी आता तोंडावर बोलतो. स्टेजवर एक फोटो, एक आशीर्वाद आणि खाली. मागे दोनशे माणसं उभी आहेत, नवरी सकाळपासून उपाशी आहे. "आहेर आणू नये" लिहिलं असेल तर खरंच आणू नका. आणि आहेर दिलाच, तर "त्यांनी आमच्याकडे 501 घातले होते" असा हिशोब वहीत बघून देऊ नका.

आता मला मिळणारी उत्तरं मला माहीत आहेत.

"लग्न एकदाच होतं." बरोबर. नवऱ्याचं एकदाच होतं. पण त्या रस्त्यावरून, त्या हॉलशेजारी राहणाऱ्याचं काय? त्याच्या कानाशी दर शनिवारी कुणाचं तरी "एकदाच" असतं.

"फक्त गाववाल्यांवरच का बोलता?" नाही बोलत. घोडबंदरच्या टॉवरमधल्या मंडळींनी हसू नये. तुमच्या क्लबहाउसमधल्या संगीतचा आवाजही बाराव्या मजल्यापर्यंत येतो. फरक एवढाच की तुमच्या गेटवर वॉचमन असतो म्हणून पोलीस आत यायला बिचकतो. कर्ज तुम्हीही काढता, फक्त त्याला पर्सनल लोन म्हणता.

"डीजेवाल्याच्या पोटावर पाय देता." नाही. त्याला दहापर्यंत बोलवा, पूर्ण पैसे द्या. बेंजोवाल्यांना बोलवा, सनई-चौघडेवाल्यांना बोलवा, धवलारणीला मानाने बोलवा, चांगली बिदागी द्या. आवाज कमी केल्याने कुणाचं पोट कमी होत नाही.

"तू एकटा उठून काय होणार?" एकटा उठलो तर काही होणार नाही, कबूल. गेल्या महिन्यात एका हळदीतून मी दहाला उठलो. यजमानाला नमस्कार केला, म्हटलं, दहा झाले, निघतो. माझ्यामागे माझी बायको उठली, तिच्यामागे तिच्या दोन वहिन्या. मग एक म्हातारे मामा उठले, त्यांना बहुतेक कुणीतरी उठायचीच वाट बघायची होती. पाच माणसं. डीजे सुरूच राहिला. पण दुसऱ्या दिवशी यजमानाचा फोन आला, राग नव्हता त्यात. म्हणाला, "बरा केलास. पुढच्या वर्षी पोरीचा आहे, तवा दहालाच बंद करतो. तू ये मात्र."

मी जाणार आहे. वेळेवर जाणार, लोकलने जाणार, नाचणारही आहे. दहाला घरी येणार.

तुमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ही पोस्ट टाका. नाव काढून टाकलंत तरी चालेल. फक्त पुढच्या वरातीत सायरन ऐकू आला तर आधी मागे वळून बघा.